जॅझ ऐकायचंय? एकच तबकडी लाव

परवा शेजारच्या अकरावीतल्या मुलीने विचारलं, ‘काका, जॅझ कुठून सुरू करू?’ कुणीतरी तिला शंभर अल्बमांची यादी दिली होती. ती मी बाजूला ठेवायला लावली. याद्यांनी माणूस दमतो, रमत नाही. माइल्स डेव्हिसची १९५९ची ‘काइंड ऑफ ब्लू’ पुरे, त्यातही पहिलंच ‘सो व्हॉट’. धून सांगतो पॉल चेंबर्सचा डबल बास, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. मग ट्रम्पेटवर माइल्स, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स एकामागून एक त्याच धुनेच्या साच्यावर नवं रचत जातात. आवर्तन ओळखणाऱ्या मराठी कानाला हे परकं नाहीच: साचा फिरून येतो, वादक मोकळा. माइल्स मोजक्या सुरांत बोलतो, त्याच्या पाठोपाठ कोल्ट्रेन सुरांचा लोट सोडतो. एवढा फरक कळला की अर्धी वाट सरली. पुढे आपल्या मुंबईकडे वळावं, एकेकाळी ताज हॉटेलमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या गोव्याच्या चिक चॉकलेटकडे, सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या ‘अलबेला’ चित्रपटातही (१९५१) तो आहे. वाचकहो, घरातल्या पोरांना ‘सो व्हॉट’ची नऊ मिनिटं सलग ऐकू द्या, मध्येच ‘यात गाणं कधी सुरू होणार?’ असं विचारू नका.