डॉलर कितीला?

स्पॅनिशचा क्लास लावलाय? मग ब्युनोस आयर्सला जाण्याआधी एक वाक्य घोटून ठेवा : 'आ क्वांतो एस्ता एल दोलार?' म्हणजे, डॉलर कितीला आहे? 'असणे'साठी स्पॅनिशमध्ये क्रियापदं दोन, 'सेर' आणि 'एस्तार'. इथे येतं बदलत्या अवस्थेचं 'एस्तार'. भाव काय, आज एक, उद्या दुसरा!

अर्जेंटिनाने २०१९ मध्ये डॉलर खरेदीवर पुन्हा निर्बंध आणले. लोकांच्या भाषेत 'सेपो', म्हणजे चक्क खोडा! काळ्या बाजारातला डॉलर 'ब्लू', चोरून नोटा बदलायची जागा 'क्वेबा' म्हणजे गुहा आणि फ्लोरिडा रस्त्यावर 'कांबियो, कांबियो' ओरडणारा एजंट 'आर्बोलितो', म्हणजे छोटं झाड. एप्रिल २०२५ मध्ये सामान्य माणसाच्या पायातला खोडा बराचसा निघाला. शब्द मात्र राहिले.

खरी गोची होते ती बोर्डावर. 'कोंप्रा' म्हणजे खरेदी, 'बेंता' म्हणजे विक्री. पण दोन्ही दुकानदाराच्या बाजूने. तुम्ही डॉलर देताय ना? मग 'कोंप्रा'चाच आकडा बघा. आणि हो, तिथे १.२५० म्हणजे सव्वा नाही, साडेबाराशे! क्रियापद चुकलं तर फार तर समोरचा हसेल, हे चुकलं तर खिसा रडेल.