दलालाची माफी, शेतकऱ्याची वसुली

"भाऊ, शेतीले कायचा टॅक्स? बिनधास्त रजिस्ट्री करा!" वर्धा रोड असो की उमरेड रोड, काटोलची बाजू असो की भंडाऱ्याची, नागपूरच्या आसपास वावराचा सौदा ठरताना हे वाक्य कानावर पडले नाही असा शेतकरी विरळा. बोलणारा जमिनीचा दलाल असतो, नाहीतर ले-आऊटवाल्याचा माणूस. रजिस्ट्री होते, दलाल दोन्हीकडची दलाली घेऊन मोकळा होतो. आलेल्या पैशात मुलीचे लग्न होते, घरावर स्लॅब पडतो, सोसायटीचे कर्ज फिटते. आणि दोन-तीन वर्षांनी आयकर खात्याची नोटीस दारात येते. ती पिशवीत घालून शेतकरी धंतोली गाठतो. धंतोली म्हटले की गावच्या माणसाला आजवर दवाखाना आठवायचा. पण चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेची नागपूर शाखाही तिथेच आहे, आणि आता त्या वकील-लेखापालांच्या पायऱ्याही चढाव्या लागतात.

दलाल धादांत खोटे बोलतो असे आम्ही म्हणत नाही. तो अर्धे खरे सांगतो, आणि घोळ तिथेच होतो. ग्रामीण शेतजमीन विकली तर नफ्यावर आयकर नाही, हे खरेच आहे. पण ग्रामीण कोणती, हे ग्रामपंचायतीच्या पाटीवरून ठरत नाही. सातबाऱ्यावर गावाचे नाव आहे, सरपंच आहे, म्हणून जमीन ग्रामीण, असे कायदा मानत नाही. कायदा बघतो जवळच्या शहराची लोकसंख्या आणि त्याच्या हद्दीपासूनचे अंतर. लोकसंख्या १० लाखांवर असेल तर हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी. १ लाख ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर, आणि १० हजार ते १ लाख असेल तर २ किलोमीटर. नागपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच २४ लाखांच्या घरात होती. कामठी, उमरेडसारख्या नगर परिषदांभोवतीचे २ किलोमीटर वेगळेच. त्यात हद्द एका जागी राहत नाही. हुडकेश्वर, नरसाळा ही काल-परवापर्यंतची गावे महापालिकेत गेली आणि मोजणीची दोरी तेवढी पुढे सरकली.

अंतर मोजायचे कसे, यावर मोठा वाद झाला, तोही आपल्याच नागपुरात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ३० मार्च २०१५ रोजी एका करदात्या महिलेच्या प्रकरणात निकाल दिला, की अंतर रस्त्याने मोजावे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ६ ऑक्टोबर २०१५ च्या परिपत्रकाने तो मान्यही केला. दलालांनी हा निकाल गावोगाव पोचवला, पण त्याची दुसरी बाजू मात्र खिशातच ठेवली. हा निकाल जुन्या व्यवहारांपुरता आहे. कायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०१३ पासूनच्या विक्रीला हवाई अंतर लागू झाले. म्हणजे पाखरू सरळ उडेल तेवढे. नाल्याला वळसा घालून सडकेने ११ किलोमीटर भरणारे वावर नकाशावर ७ भरते, आणि सूट गेली! आता १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला आहे, १ एप्रिल २०२६ पासूनचा. कलमांचे आकडे बदलले, अंतराची अट तशीच आहे.

दुसरे अर्धे खरे शेजाऱ्याच्या नावाने सांगितले जाते. "त्या पाटलाची एवढी जमीन रोडमध्ये गेली, त्याले एक रुपया लागला नाही, तुमाले कसा लागन?" पाटलाची जमीन सरकारने संपादित केली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळणाऱ्या मोबदल्याला आयकर माफ आहे, आणि कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकात ते स्पष्टही केले. तुम्ही वावर विकले ले-आऊटवाल्याला. त्याला ती माफी लागू नाही. एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना दोन कायदे, हे कोणी समजावून सांगत नाही.

तिसरे सर्वांत महागात पडते. "पैसे दुसऱ्या जमिनीत टाका, टॅक्स माफ." इथेही अर्धे खरे. विकण्याआधी दोन वर्षे त्या वावरात तुम्ही किंवा तुमच्या आई-वडिलांनी शेती केलेली असावी, विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घ्यावी, आणि ती तीन वर्षे विकू नये. शेतजमीन, बरं का! पण सल्ला देणाऱ्याच्या बॅगेत असतो त्याच ले-आऊटमधला एन. ए. प्लॉट. एका हाताने वावर घ्यायचे, दुसऱ्या हाताने प्लॉट द्यायचा, दलाली दोन्हीची. नुसत्या प्लॉटवर ही सूट मिळत नाही. घर बांधले तर वेगळे कलम आहे, त्याच्या अटीही वेगळ्या.

हिशेब साधा आहे. वडिलोपार्जित जमीन ४५ लाखांना विकली आणि १ एप्रिल २००१ रोजी तिची किंमत ५ लाख धरली, तर नफा ४० लाख. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला साडेबारा टक्के दर, म्हणजे कर ५ लाखांच्या आसपास. विवरणपत्रच भरले नाही तर त्याचे महिन्याला शेकडा एक, आगाऊ कर न भरल्याचे शेकडा एक वेगळे. तीन वर्षांत व्याज मुद्दलाच्या निम्म्याहून पुढे जाते. वर दंड. दलालाने सांगितले होते, हे उत्तर आयकर अधिकाऱ्यापुढे चालत नाही, कारण नोटीस ज्याच्या नावाची, कर त्याचा. आणि लपून राहील म्हणावे तर मोठ्या रजिस्ट्रीची माहिती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून आयकर खात्याकडे आपोआप जाते.

सगळा दोष दलालाच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. तलाठ्याकडे सौद्याआधी गावकरी येतोच, सातबारा काढायला. त्याच सातबाऱ्यावरचा पीकपेरा हा दोन वर्षे शेती केल्याचा पुरावा असतो. ई-पीक पाहणी राहून गेली आणि रकाना कोरा किंवा 'पड' राहिला, तर कापूस काढलेल्या वावराचीही सूट अडकू शकते. ही गोष्ट तलाठी, कोतवाल, ग्रामसेवक यांनी हंगामातच ओरडून सांगायला हवी. अंतराचा दाखला देताना तो हवाई आहे की सडकेचा, हेही कागदावर लिहून द्यावे. नागपूर, कामठी, हिंगणा तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी आपले गाव कोणत्या हद्दीपासून किती दूर, याचा एक फलक कार्यालयात लावला तर त्याला खर्च काय येणार?

आणि शेतकऱ्याने इसार घेण्याआधी दलालाला एवढेच म्हणावे, की "टॅक्स लागत नाही" हे सौदाचिठ्ठीवर लिहून सही दे. लिहून देतो का पाहा. नाही दिले तर रजिस्ट्रीच्या आधी धंतोलीची फेरी करावी. विकून बसला असाल आणि दुसरी शेती अजून सापडली नसेल, तर विवरणपत्राच्या मुदतीआधी ती रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी. साध्या बचत खात्यात ठेवलेली चालत नाही.