सरहद्दीपलीकडची सहल



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, पाण्याच्या खेळांच्या बागेत जाऊ. कोणी म्हणतो, मुंबई पाहू. माझे मत थोडे वेगळे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक शाळेची एक तरी सहल बुऱ्हाणपूरला जावी, आणि तीही रस्त्याने, वाटेत थांबत थांबत.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय विशेष? शंभर-सव्वाशे किलोमीटर तर अंतर!" खरे आहे. पण साडेचारशे वर्षांपूर्वी हाच प्रवास एका देशातून दुसऱ्या देशात जाण्यासारखा होता. आपल्या वऱ्हाडावर आधी इमादशाहीचे आणि १५७४ नंतर अहमदनगरच्या निजामशाहीचे राज्य होते. बुऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. मध्ये होती सरहद्द. हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. मराठीत आला तेव्हा त्याला फक्त एक 'द' जास्त मिळाला!

बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की पहिला थांबा रोहिणखेडचा घ्यावा. हे गाव मुख्य रस्त्यापासून थोडे आत आहे. तेथे सोळाव्या शतकातील दगडी मशीद आहे. याच गावाजवळ १५९०-९१ च्या सुमारास मोठी लढाई झाली. खानदेशचा सुलतान राजा अली खान याच्या मदतीने बुर्‍हाण निजामशहाने ती जिंकली आणि अहमदनगरची गादी मिळवली. पुस्तकातील लढाई आपल्याच जिल्ह्यातील शेतांत झाली, हे तेथे उभे राहिल्यावरच पटते.

पुढे मलकापूरवरून मुक्ताईनगर. हे संत मुक्ताबाईंचे स्थान. जवळच चांगदेव येथे तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम आहे. तेथे शिदोरी सोडावी आणि मग बुऱ्हाणपूर गाठावे.

बुऱ्हाणपुरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मुमताजमहलचे निधन १६३१ साली याच शहरात झाले. तापीपलीकडच्या आहूखाना बागेत तिला प्रथम दफन केले आणि नंतर आग्र्याला नेले. मुघल काळातील कुंडी भंडारा तर आपल्यासारख्या टंचाईग्रस्त भागातील मुलांनी जरूर पाहावा. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलेले आहे.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती जामा मशीद. ती राजा अली खानानेच बांधली. तिच्यात अरबी शिलालेख आहे आणि त्याबरोबर संस्कृत शिलालेखही आहे! "आम्हांला मराठी कशाला?" असे विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी या मशिदीचे उदाहरण देते. शेजाऱ्याची भाषा घेतल्याने आपली भाषा लहान होत नाही.

आणखी एक गंमत पाहा. १९५६ पर्यंत बुलढाणा आणि बुऱ्हाणपूर ही दोन्ही ठिकाणे मध्य प्रदेशातच होती. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला जिल्हा मुंबई राज्यात आला. म्हणजे सरहद्दी बदलतात, रस्ता मात्र तोच राहतो.

काही पालक म्हणतात, "मुलींना परराज्यात कशाला पाठवायचे?" त्यांची काळजी मी समजू शकते. मी आठवीत असताना याच कारणाने सहलीच्या यादीतून माझे नाव कमी झाले होते. मैत्रिणी परत आल्यावर आठवडाभर गोष्टी सांगत होत्या आणि मी गप्प बसून ऐकत होते. पुढे बी.एड.ला असताना मी प्रथम बुऱ्हाणपूर पाहिले. तेव्हा आनंद झाला, पण दहा वर्षे उशीर झाला याचे वाईटही वाटले. माझ्या वर्गातील कोणत्याही मुलीला असे वाटू नये. शिक्षिका सोबत असाव्यात, दिवस मावळण्यापूर्वी परतीला निघावे, पालकांना गाडीची वेळ सांगावी. एवढे केले तर नाही म्हणण्याचे कारण उरत नाही.

तेव्हा यंदा सहलीचा विषय निघाला की हात वर करून बुऱ्हाणपूरचे नाव सुचवा. निघताना पिशवीत एक वही ठेवा. वाटेत चहावाल्याशी, शेतकऱ्याशी मराठीत बोला. चुकलात तरी चालेल. सरहद्द ओलांडायला पहिले पाऊल टाकावे लागते, आणि भाषेचेही तसेच आहे.