कानात मिल चालवायची हौस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही चक्क एका खरेदीवर. हसू नका. घरचे लोकही इथे वाचायला येतात, म्हणून ज्या पुतण्यामुळे हे सुरू झालं त्याचं नाव घेत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेलच.

तर हा पुतण्या दोन महिन्यांपासून जिमला जातोय. परवा मोबाईल घेऊन आला. "काका, वायरलेस इअरबड्स घ्यायचेत. बास जोरदार पाहिजे. जिमचा स्पीकर लई मोठा असतो, त्याच्यावर आपलं गाणं ऐकू आलं पाहिजे."

शेजारी अण्णा बसले होते, म्हणजे त्याचे आजोबा. "काय म्हणतो रे तो?" आम्ही सांगितलं. परत सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. अण्णा नुसतेच हसले, म्हणजे तेव्हाही ऐकू आलं नव्हतं.

अण्णा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या एका मिलमध्ये २६ वर्षं होते. आतून लोखंड धावत असतं, आदळत असतं, आणि कानात काय, तर कापसाचा बोळा. ज्यांच्या घरात मिलचा माणूस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. टीव्हीचा आवाज गल्लीपर्यंत. लग्नाकार्यात माणूस कोपऱ्यात गप्प बसतो आणि लोकांना वाटतं, भाव खातोय.

आपल्याकडे कारखान्यांसाठीच्या नियमांत ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा गाण्यांसाठीचा हिशोब त्याहून कडक आहे. ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला ४ तास. १०० वर गेलात तर आठवड्याला सुमारे २० मिनिटं! आता "रोज एक तासानं काय होतंय?" म्हणणाऱ्यांनी आकडे मांडावेत. आठवड्याचे ६ दिवस, रोज १ तास, आवाज ९० चा. झाले ६ तास, म्हणजे मर्यादेच्या दीडपट. आणि कानाच्या आतल्या ज्या नाजूक पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. दंड सहा महिन्यांत कमावता येतो, कान नाही.

अण्णांचे कान पगारापायी गेले. घर चालवायचं होतं, दुसरा इलाज नव्हता. आपण मात्र पदरचे पैसे मोजून कानात मिल चालवतोय. याला काय म्हणायचं?

बरं, विकणारेही काही कमी नाहीत. डब्यावर मोठ्या अक्षरात 'ईएनसी' लिहिलेलं असतं आणि पोरांना वाटतं आता बाहेरचा गोंगाट बंद. अहो, ईएनसी ही माइकसाठी असते. तुम्ही फोनवर बोलताना समोरच्याला गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून! तुमच्या कानाला तिचा काडीचा उपयोग नाही. कानासाठी असते ती एएनसी, आणि तीही पंख्याची, एसीची सलग घरघर चांगली दाबते, धाडकन पडणाऱ्या वजनाचा आवाज नाही. "५० तास बॅटरी" म्हणजे बहुतेकदा डबीतल्या चार्जिंगसकट. आणि ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला, हा तर निव्वळ भ्रम.

मग घ्यायचं काय? माझ्या मते निकष एकच: ज्यात आवाज कमी ठेवूनही गाणं नीट ऐकू येतं ते. त्यासाठी कानात घट्ट बसणारं रबरी टोक पाहिजे. डबीत तीन मापांची टोकं देतात, ती सगळी घालून बघा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं नाही. टोक नीट बसलं की बाहेरचा गलका आपोआप कमी होतो आणि बासही सुधारतो. घामासाठी आयपीएक्स ४ तरी बघा. मात्र ती परीक्षा साध्या पाण्याची असते, आपला घाम खारट. तेव्हा पुसून, वाळवूनच डबीत ठेवा, नाहीतर चार्जिंगचे टोक गंजतात. ओल्या बोटांनी टचचं काही खरं नसतं, म्हणून दाबायचं बटण असेल तर उत्तम. आणि मोती तलावाकडे सकाळी पळायला जाणाऱ्यांनी कान बंद करणारे वापरूच नयेत. मागून येणारी गाडी ऐकू आलीच पाहिजे. त्यांच्यासाठी कान उघडा ठेवणारे मिळतात.

गाण्याने जोर येतो, हे मलाही मान्य आहे. मीही ऐकतो. पण जोर लयीतून येतो, ठणाण्यातून नाही.

आता खरी गोष्ट. या खरेदीच्या आधी एक फुकटचं काम आहे, जिमच्या मालकाला स्पीकर कमी करायला सांगणं. निम्मी पोरं स्वतःची गाणी कानात घालून येतात, मग तो भोंगा कुणासाठी वाजतोय? त्याच्यावर मात करायला आपण आवाज वाढवायचा, हे म्हणजे शेजारी भांडतोय म्हणून आपणही भिंतीवर डोकं आपटण्यासारखं झालं. फी आपण देतो, तोंड उघडायला लाजतो.

पुतण्याला एवढं सगळं सांगितलं. म्हणाला, "काका, मालकाला कोण सांगणार?" म्हटलं, चल, मी येतो सोबत. सोमवारी जाणार आहोत. फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा मात्र त्याच दिवशी लावून दिली.

असो. खूपच पाल्हाळ झालं. तुमच्या गावच्या जिममध्ये काय परिस्थिती आहे, जरूर कळवा. आणि घरी अण्णांसारखं कुणी असेल, तर आज त्यांच्याजवळ बसून दोन वाक्यं जरा सावकाश बोला.