विंचवाच्या संशोधनाची मोजदाद

वैद्यकीय संशोधकाची योग्यता ठरवण्याची जी वहिवाट अलीकडे आपल्या विद्यापीठांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत पडली आहे, तिचे सार एवढेच की त्याचे लेख किती छापले, ते कोणत्या प्रतीच्या नियतकालिकांत छापले, त्यांचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला आणि किती संस्थांशी त्याचे सहकार्य आहे, या चार रकान्यांत आकडे भरावेत आणि बेरीज पाहून माणसाचा निकाल लावावा. या मताचे पुरस्कर्ते अप्रामाणिक आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. जेथे वशिल्याने आणि शिफारशीने पदे वाटली जात, तेथे आकडा निदान कोणाच्या शब्दाखातर वाढत नाही, हा त्यांचा दावा विचारात घेण्याजोगा आहे. परंतु ज्या मापाने मापायचे ते माप आधी एखाद्या निर्विवाद वस्तूवर लावून पाहावे, हा व्यवहार बाजारातला दुकानदारही पाळतो. म्हणून हे माप मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या लेखनाला लावून पाहणार आहे.

मराठवाड्यातील एका खेड्यातून आलेला हा तरुण डॉक्टर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला, तेव्हा आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव अजून कुलाबाच होते. सावित्रीच्या खोऱ्यात, पोलादपूरच्या डोंगरउतारावर, जांभ्या दगडांच्या सांदीत, लाकूडफाट्यात आणि भाताच्या पेंढ्यात लाल विंचू राहतो. तो डसून माणसे मरतात, हे येथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, आणि १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या दंशानंतर फुप्फुसांत पाणी होते याकडे लक्षही वेधले होते. परंतु कोणता रोगी मरणार आणि कोणता सकाळी चालत घरी जाणार, हे रात्री दिव्याच्या उजेडात ओळखायचे कसे, याचे उत्तर त्या केंद्रावरच्या डॉक्टरला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळण्यासारखे नव्हते.

येथे क्षणभर थांबून तो रोगी जवळून पाहिला पाहिजे. पेंढ्यात हात घातला, विंचू डसला, आणि माणूस वेदनेने आक्रोश करीत केंद्रात आला, तर घरची मंडळी घाबरतात. पण बावस्करांच्या नोंदींतून पुढे आलेली गोष्ट अशी की दंशाच्या जागी असह्य वेदना असणारा रोगी बहुधा वाचतो, आणि खरा धोका असतो तो जवळजवळ न कण्हणाऱ्या, उलटी झालेल्या, घामाने सदरा भिजलेल्या, हातपाय बर्फासारखे गार पडलेल्या माणसाला. विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते, शरीरात अॅड्रिनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळतात, त्यांच्याविरुद्ध पंप करता करता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. ही पूर्वचिन्हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. (विंचू उतरवणाऱ्या भगताचा लौकिक इतकी शतके का टिकला, याचाही उलगडा येथे होतो: बहुतेक दंशांत वेदनाच तेवढी असते आणि ती आपोआप उतरते, म्हणून दहातल्या नऊ वेळा मंत्र लागू पडल्यासारखा दिसतो, आणि दहाव्या वेळी, जेव्हा खरोखर काही करायला हवे, तेव्हा अमूल्य तास निघून गेलेले असतात.)

दुसरा टप्पा औषधाचा. त्या काळी गुंगीच्या औषधांचे मिश्रण, स्टेरॉइड, डिजिटॅलिस असे उपाय चालत, आणि त्यांतल्या कशालाच खात्रीने यश नव्हते. विकार जर रक्तवाहिन्या आवळल्याचा आहे, तर आवळणारी मूठ सोडवणारे औषध द्यावे, या विचाराने त्यांनी रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन निवडले. ही साधी, स्वस्त गोळी तोंडाने देता येते आणि तिला अतिदक्षता कक्षाची गरज पडत नाही. पहिल्या मात्रेनंतर रोग्याला उठू न देता आडवे ठेवायचे, एवढे पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेले या उपचारावरचे टिपण १९८६ साली लॅन्सेटमध्ये आले, आणि ते दोन पानांत मावले.

आता माप लावू. सहकार्याच्या रकान्यात काय भरावे? एका घरातील दोघे डॉक्टर, पत्ता महाड, जिल्हा रायगड. लेखांच्या रकान्यात टिपणे आणि रुग्णमालिका. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ साली अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी जो हुकूम काढला, त्यात रुग्णवृत्तान्त गणनेतून वगळले होते. ज्या लिखाणाने खेड्यातल्या डॉक्टरच्या हाती मरणाच्या दारातून माणूस परत आणण्याचे साधन दिले, त्या जातीच्या लिखाणाला अशा दप्तरात खालच्या पायरीवर बसावे लागते. उलट बाजूस, ज्या महाविद्यालयांना हे नियम लागू होते, त्यांची कैफियत डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडली आहे: देशातील ५७९ वैद्यकीय शिक्षणसंस्थांपैकी ३३२ संस्थांतून २००५ ते २०१४ या दहा वर्षांत एकही शोधनिबंध बाहेर पडला नव्हता. आकड्यांचा एवढा धाक असूनही अर्ध्याहून अधिक संस्था निबंधांवाचून राहिल्या, ही वस्तुस्थिती त्या धाकाच्या पुरस्कर्त्यांनी जरूर विचारात घ्यावी.

या ठिकाणी एक उलट मतही ऐकू येते, आणि ते मला पहिल्याइतकेच अमान्य आहे. बावस्करांचे कित्येक चाहते म्हणतात की जो माणूस रात्रंदिवस रोग्यांच्या उशाशी बसला, त्याला लेखांची आणि संदर्भांची गरज ती काय; २०२२ ची पद्मश्री आणि गावकऱ्यांचे आशीर्वाद पुरेसे आहेत. हे कौतुक ऐकायला गोड असले, तरी त्यात त्या कामाचा पुरता अपमान आहे. बिरवाडीत वाचलेला रोगी एकटा वाचला असता. लेख छापून आला म्हणून हे औषध दुसऱ्या जिल्ह्यांत, दुसऱ्या राज्यांत गेले, आणि २००६ साली पाँडिचेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेतील बालरोगतज्ज्ञ प्राझोसिनवर आधारलेल्या उपचारक्रमाचे परिणाम प्रसिद्ध करू शकले. लिहिणे हा त्या उपचाराचाच पुढचा भाग होता. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली संदर्भसूचीची कल्पना मांडली, तीही एका विचाराचा माग पुढच्या लेखांतून काढता यावा, संशोधकाला वाङ्मय शोधता यावे म्हणून. तिच्यावरून पगार आणि पदे ठरवण्याची रीत नंतरची, आणि भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी तर २००५ साली माणसाची सारी कारकीर्द एका अंकात बसवून दिली. संदर्भाचे मूळ काम माग दाखवण्याचे आहे, आणि त्या अर्थाने बावस्करांच्या लेखांना मिळालेला प्रत्येक संदर्भ मला मोलाचा वाटतो, कारण त्यामागे बहुधा कोठेतरी गार हातपायांचा एक रोगी असतो.

तरीही विरोधकांचा एक आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. बावस्करांच्याच लेखनात १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतात विंचूदंशाचे २५ ते ३० टक्के रोगी फुप्फुसांत पाणी होऊन दगावत आणि १९८४ नंतर प्राझोसिनमुळे हे प्रमाण एक टक्क्याच्या आत आले, असा हिशेब आहे; परंतु दोन काळांची तुलना म्हणजे दोन गटांची तुलना नव्हे. त्या वीस-पंचवीस वर्षांत रस्ते सुधारले, वाहने आली, रोगी लवकर पोहोचू लागले. सुधारणेचे सारे श्रेय एका गोळीच्या खात्यावर जमा करणे शास्त्रीय ठरत नाही. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण स्वतः बावस्करांनीही तो उडवून लावला नाही.

कशेडी घाटापलीकडील चिपळूणच्या डॉ. नातूंनी २००६ साली लाल विंचवावरच्या प्रतिविषाचा आपला अनुभव मांडला होता. ज्याच्या नावाशी प्राझोसिन जोडले गेले होते, त्या माणसाला आपला कीर्तिस्तंभ सांभाळत बसणे सोपे होते. बावस्कर दांपत्याने महाडच्या आपल्या रुग्णालयात सत्तर रोगी घेतले आणि यदृच्छेने पस्तीस-पस्तीसचे दोन गट पाडले. एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष. जानेवारी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलेला निकाल असा: दहा तासांनंतर प्रतिविषाच्या गटातील ३२ रोगी पूर्ण बरे होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटातील अवघे ८; बरे व्हायला लागलेला सरासरी वेळ एकीकडे ८ तास, दुसरीकडे १७.७ तास. कोणाला काय मिळते आहे हे डॉक्टर आणि रोगी दोघांनाही ठाऊक होते, संख्याही लहान होती, या उणिवा त्या प्रयोगात आहेत, आणि त्या लपवलेल्या नाहीत. पण पंचवीस वर्षे आपल्या नावावर असलेले औषध एकट्याने पुरे पडत नाही, हा दाखला स्वतःच्या रुग्णालयात, स्वतःच्या हाताने, जगासमोर देणे ही काय योग्यतेची गोष्ट आहे, हे मला वाटते संशोधन केलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागू नये. आणि त्या चार रकान्यांत तिची नोंद कशी होते? १९८६ चा लेख एक, २०११ चा लेख एक, मिळून दोन. दुसरा पहिल्याला दुरुस्त करतो, हे सांगणारा रकानाच नाही. ज्याने आपल्या पहिल्या निष्कर्षाची कधी तपासणीच केली नाही आणि तोच दोनदा छापला, त्याचीही बेरीज दोनच भरते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संशोधकाची नेमणूक किंवा बढती ज्यांच्या हाती आहे, त्या समितीने त्याच्याकडून याद्या मागवण्यापूर्वी त्याने स्वतः निवडलेले तीन लेख मागवावेत आणि ते सभासदांनी क्रमाने वाचावेत: पहिल्यात काय पाहिले, दुसऱ्यात काय केले, तिसऱ्यात आपलेच काय खोडले. महाडच्या बाबतीत असे १९८२, १९८६ आणि २०११ चे तीन लेख घेतले, तर सगळे मिळून वीस पानेही भरत नाहीत, आणि वाचायला एक दुपार पुरते.