विमानाचें स्नान

जी वस्तु चकाकते ती स्वच्छ आणि जी स्वच्छ ती निर्धोक, असा आपणां सर्वांचा एक सोईस्कर समज असतो. तांब्या बाहेरून लखलखीत दिसला कीं घासणारीचें काम झालें असें आपण मानतों. त्याच्या गळ्याच्या आंतल्या बाजूस बोट फिरवून पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं. घरांत या समजाची शिक्षा म्हणून फार तर दूध नासतें. परंतु ज्या वस्तूच्या आधारानें शेंदीडशें माणसें तीन कोस उंच अंतराळांत बसून प्रवास करितात, तिच्या स्वच्छतेचा विचार निराळ्या काळजीनें करावा लागतो. आज घरोघरचीं मुलें विमानानें परदेशीं जातात-येतात. म्हणून विमान कां धुतात व कसें धुतात, हा विषय या महिन्यांत आम्हीं घेतला आहे.

संस्कृतांत ‘धातु’ हा शब्द धारण करणें या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. विमानांत तो अक्षरशः खरा होतो. अलीकडच्या कांहीं विमानांत कार्बनच्या तंतूंचा भरणा मोठा असला, तरी बहुतेक विमानांचें अंग अद्यापि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचेंच असतें. शुद्ध ॲल्युमिनियम हलकें खरें, पण मऊ. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील आल्फ्रेड विल्म या धातुशास्त्रज्ञानें त्यांत शेंकडा चारच्या सुमारास तांबें व थोडें मॅग्नेशियम मिसळून, तें तापवून एकदम थंड केलें. तेव्हां तो धातु पुढील कांहीं दिवसांत आपोआप कठीण होत जातो असें आढळलें. या शोधामुळें हलक्या व मजबूत विमानांचा मार्ग मोकळा झाला. मात्र तांब्यानें बळ दिलें, तसें एक दुखणेंही बरोबर आणलें.

शुद्ध ॲल्युमिनियमला हवा लागतांच त्यावर स्वतःच्याच भस्माचा एक पापुद्रा धरतो. केसाच्या जाडीचा पांचहजारावा हिस्साही भरणार नाहीं इतका तो पातळ. पण आंतल्या धातूचें रक्षण तोच करितो. मिठाचें पाणी हा पापुद्रा जागोजाग फोडतें. मग धातूंतील तांब्याचे कण आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्यें, किंवा पोलादी स्क्रू आणि शेजारचा पत्रा यांच्यामध्यें, विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते व तींत ॲल्युमिनियम खर्ची पडतें. लोखंड गंजतें, पितळ कळकतें; ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापते, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यांत ती धरली कीं पाचरीप्रमाणें पत्र्यांना फांकवीत जाते. यावर उपाय म्हणून मिश्रधातूच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनीं शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. जस्ती बादलीवरील जस्त जसें स्वतः झिजून आंतल्या लोखंडास राखतें, तसाच हा थर. त्यावर पुन्हां रंग चढवितात. परंतु ओरखडा, रिव्हेटचें भोंक आणि सांधा या ठिकाणीं हें चिलखत उघडें पडतें, आणि शत्रु तेथूनच आंत शिरतो.

आमच्या गृहिणींना एका गोष्टीचें नवल वाटणार नाहीं. विमानांत धातूचा क्षय ज्या जागीं नेहमीं सांपडतो, त्यांत स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या खालची जागा अग्रभागीं आहे! चहा, कॉफी, फळांचे रस आणि शौचकूपांतील पाणी झिरपून जमिनीखालच्या तुळयांवर सांठतें. विमानाच्या पोटाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक छिद्रें ठेविलेलीं असतात. तीं कचऱ्यानें बुजलीं कीं तेथें डबकें होतें. समुद्रकांठच्या विमानतळांवर खाऱ्या वाऱ्याची भर पडते. मुंबईचा विमानतळ किंवा गोव्यांत दाबोळीचा नौदलाचा तळ येथें तर पावसाळ्याचे चार महिने ओलाव्याला खळ नसतो. समुद्रावर उडणाऱ्या विमानांना म्हणूनच वरचेवर गोड्या पाण्याचें स्नान घालतात.

या स्नानाचाही विधि आहे. उन्हानें तापलेलें विमान धुवीत नाहीत, कारण साबण पुसण्यापूर्वींच वाळतो व डाग पडतात. साबण सौम्य हवा. तीव्र क्षारानें ॲल्युमिनियम खाल्लें जातें. धुण्याच्या सोड्यानें ॲल्युमिनियमचें पातेलें घासून तें काळें पडलेलें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना हें वेगळें सांगावयास नको. उलट, तीव्र आम्लानें चाकांच्या दांड्यांचें कठीण पोलाद ठिसूळ होण्याचें भय असतें. साबण खालून वर लावीत जातात, म्हणजे मळकट ओघळांचे डाग उमटत नाहींत; नंतर भरपूर पाण्यानें तो काढून टाकतात. पाण्याच्या जोराच्या धारेनें सांध्यांतील वंगण निघून जातें, तें पुन्हां भरावें लागतें. पाऱ्याशीं तर विमानाचें हाडवैरच आहे. पारा ॲल्युमिनियमवर सांडला तर तो संरक्षक पापुद्रा पुन्हां धरूं देत नाहीं आणि धातु पोखरीत जातो. विमानांतून पारा नेण्यावर कडक निर्बंध आहेत ते यासाठींच.

एवढी यातायात कशासाठीं, याचें उत्तर दोन अपघातांनीं दिलें आहे.

पहिला २८ एप्रिल १९८८ चा. पॅसिफिक महासागरांत हवाई नांवाचीं बेटें आहेत. तेथें अलोहा एअरलाइन्स या कंपनीचें बोइंग ७३७ जातीचें विमान हिलोहून होनोलुलूस चाललें होतें. विमान १९ वर्षांचें होतें. बेटांतील अंतरें लहान असल्यानें तोंपर्यंत त्याच्या ८९,६८० फेऱ्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक फेरींत हवेच्या दाबानें त्याचें अंग फुगून पुन्हां सैल होत असे. त्यांत समुद्राची खारी, उष्ण, दमट हवा. सांध्यांतील चिकटविलेला भाग सुटला, तेथें ओल शिरून क्षय लागला, आणि रिव्हेटांच्या रांगेंत बारीक भेगा पडत गेल्या. २४,००० फूट उंचीवर छपराचा सुमारें १८ फूट भाग एकाएकीं उडून गेला. एक विमानसेविका त्याबरोबर ओढली गेली व ती परत मिळाली नाहीं. वैमानिकांनीं तें उघडें विमान माउई बेटावर उतरविलें, आणि उरलेले ९४ जीव वांचले. चौकशींत देखभालींतील दोष उघड झाले. आणखी एक गोष्ट बाहेर आली. विमानांत चढतांना एका उतारू बाईंच्या दृष्टीस दाराजवळ एक भेग पडली होती; पण त्यांनीं ती कोणासही सांगितली नाहीं.

दुसरा अपघात २ ऑक्टोबर १९९६ चा, दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचा. येथें स्वच्छता झाली होती. स्वच्छतेची समाप्ति झाली नव्हती. विमानाच्या अंगावर हवेचा दाब घेणारीं बारीक छिद्रें असतात. उंची व वेग दाखविणारीं यंत्रें त्यांच्यावर अवलंबून असतात. धुतांना व पुसतांना त्यांत पाणी जाऊं नये म्हणून तीं झांकतात, आणि काम होतांच आवरण काढतात. एअरोपेरू कंपनीच्या बोइंग ७५७ विमानाच्या छिद्रांवरील चिकटपट्टी तशीच राहिली. पट्टी धातूच्या रंगाची, विमानही धातूच्या रंगाचें. कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. मध्यरात्रीनंतर लिमा शहराहून विमान निघालें. खालीं काळोखा समुद्र, आणि यंत्रें सांगत तें सर्व परस्परविरुद्ध. सुमारें अर्ध्या तासानें विमान समुद्रावर आदळलें व आंतील सर्व ७० माणसें मृत्यु पावलीं. पुढें पट्टी लावणाऱ्या कामगारास न्यायालयानें दोषी ठरविलें. पण उड्डाणापूर्वीं विमानाभोंवतीं फिरून पाहणें ज्यांचें काम होतें, त्यांच्याही डोळ्यांखालून ती पट्टी गेली होती, हें विसरतां येत नाहीं.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या कीं स्वच्छतेचा खरा अर्थ आमच्या मतें स्पष्ट होतो. धुणें म्हणजे जवळून पाहणें. वर्षभरांत विमानाच्या प्रत्येक हातभर पत्र्यापाशीं जो उभा राहतो तो वैमानिक नव्हे आणि कंपनीचा मालकही नव्हे. तो फडकें घेतलेला मनुष्य. पहिली पांढरी भुकटी, पहिला फुगलेला रंग, पहिली केसाएवढी भेग त्याला दिसावयाची. त्याला काय पाहावें हें शिकविलें पाहिजे, आणि त्यानें पाहिलेलें सांगितल्यावर वरिष्ठांनीं तें ऐकलें पाहिजे. चांगल्या विमानशाळांत आज असाच नियम आहे: छिद्रांवरचें आवरण भडक रंगाचें, त्याची नोंद वहींत, आणि तें निघाल्याची खात्री दुसऱ्या डोळ्यांनीं.

आमच्या एकत्र कुटुंबांत झाडणें-पुसणें धाकट्या सुनेकडे किंवा मोलकरणीकडे सोंपवून वडील मंडळी निश्चिंत होतात. तुळईला वाळवी लागलेली, गॅसची नळी चिरलेली, किंवा आजोबांच्या औषधाच्या गोळ्या पाटाखालीं टाकलेल्या प्रथम याच हातांना सांपडतात. परंतु ‘लहान तोंडीं मोठा घास नको’ म्हणून तीं गप्प राहतात, जशा त्या उतारू बाई गप्प राहिल्या. ज्या घरांत सर्वांत धाकटें माणूस निर्भयपणें ‘येथें भेग आहे’ असें म्हणूं शकतें आणि सर्वांत थोर माणूस उठून ती पाहावयास जातो, त्या घराचे सांधे शाबूत राहतील. भांडीं लखलखीत ठेवण्याइतकीच हीही शिस्त आपण घरांत लावावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.