काठावरून ट्राउट

इंदूरहून एका वाचकांचे पत्र आले आहे. उन्हाळ्याच्या सुटीत ते सहकुटुंब कुलूकडे निघाले आहेत. त्यांच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी परदेशी पुस्तकांतून सामन माशाच्या शिकारीची वर्णने वाचली आहेत आणि नाव नसताना, नुसते नदीकाठी उभे राहून, हा मासा आपल्या देशात गळाला लावता येईल काय, असे त्यांनी विचारले आहे. पत्र मोठे गोड आहे. म्हणून या वेळचे सदर त्यालाच वाहिले आहे.

सामन आपल्या नद्यांत नाही. मुंबईच्या बाजारात इंग्रजी नावाच्या हौसेपायी ज्याला ‘इंडियन सामन’ म्हणतात, तो आपला रावस होय. तो समुद्रातला व खाडीतला मासा. सामनशी त्याची सोयरीक नाही. मात्र सामनचा खराखुरा चुलतभाऊ हिमालयात नांदतो आहे. तो म्हणजे तपकिरी ट्राउट. अटलांटिक सामन आणि हा ट्राउट या एकाच प्रजातीच्या दोन जाती होत. एकोणिसावे शतक सरताना हा मासा ब्रिटनमधून काश्मिरात आला आणि तेथून १९०९ साली कुलूच्या खोऱ्यात नेण्यात आला. आता तो तेथील थंड नद्यांचा रहिवासीच झाला आहे. कुलूच्या वाटेवर औट येथे उतरून बंजारकडे वळले की तीर्थन नदी लागते. ट्राउटसाठी ती फार नावाजलेली आहे, आणि तिच्या काठावरून सहज गळ टाकता येतो. मत्स्यविभागाचा परवाना मात्र आधी घ्यावा, आणि किती मासे व केवढे ठेवता येतील याचा नियम तेथेच समजून घ्यावा.

प्रस्तुत लेखकाने तीर्थनवर पहिले दोन दिवस अक्षरशः फुकट घालविले. डोहावर झुकलेल्या एका मोठ्या खडकावर पांढरा सदरा घालून मी उभा राहत असे, आणि खालच्या नितळ पाण्यात एकही मासा कसा दिसत नाही याचे नवल करीत असे. तिसऱ्या सकाळी मेंढ्या हाकीत चाललेले एक म्हातारबुवा थांबले व म्हणाले, “बाबूजी, तुम्ही माशाला पाहण्याच्या आधी माशाने तुम्हाला पाहिले.” काठावरच्या शिकारीचे निम्मे शास्त्र या एका वाक्यात आले.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून राहतो. खाद्य वरून वाहत येते आणि श्वासाचे पाणीही तोंडातून शिरून कल्ल्यांवाटे बाहेर पडते. त्यामुळे त्याला दुसरीकडे तोंड करून राहणे परवडत नाही. त्याला समोरचे व दोन्ही बाजूंचे उत्तम दिसते, पाठीमागचे मात्र फारसे दिसत नाही. म्हणून शिकाऱ्याने नेहमी प्रवाहाच्या खालच्या अंगाने, माशाच्या पाठीमागून, वर सरकत जावे. कपडे मातकट असावेत. सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. गोट्यांवरून धपधप चालू नये, कारण पावलांचा कंप जमिनीतून पाण्यात उतरतो आणि माशाच्या अंगावरील संवेदनारेषेला तो तत्काळ कळतो. बोलण्याने तितके बिघडत नाही. बिघडते ते चालण्याने.

आता मासा कोठे असेल? भर धारेत नव्हे. तेथे टिकून राहण्यात त्याची शक्ती फार खर्च होते. अगदी संथ पाण्यातही नव्हे. तेथे खाद्य वाहून येत नाही. वेगवान व संथ पाणी जेथे एकमेकांना घासून जाते, ती शिवण नजरेने शोधावी. मोठ्या खडकाच्या आडोशाला, काठ खालून पोखरला गेला असेल तेथे, आणि डोह संपून पाणी पुन्हा उथळ होऊ लागते त्या टोकाला तो दबा धरून असतो. काठावरून शिकार करणाऱ्याचे भाग्य असे की यांतील बरीच ठिकाणे काठापासून चार-पाच हातांवरच असतात. नवशिक्या मात्र पहिलाच गळ पलीकडच्या तीरावर भिरकावतो, आणि दोरा ओढून घेताना पायाजवळचा मासा पळवून लावतो. आधी जवळचे पाणी पागावे, मग दूरचे.

गळ वरच्या अंगाला टाकून प्रवाहाबरोबर खाली येऊ द्यावा. दोरा सैल पडेल तेवढाच गुंडाळावा. मासा लागला की हिसका देऊ नये. छडीचे टोक वर ठेवावे, तो पळेल तेव्हा त्याला दोरा द्यावा, थांबेल तेव्हा परत घ्यावा, आणि जमल्यास काठाकाठाने त्याच्याबरोबर खाली चालावे. प्रवाहाविरुद्ध त्याला खेचत आणणे म्हणजे मासा आणि नदी या दोघांशी एकदम झुंजणे होय. सोडून द्यायचा असेल तर हात आधी पाण्यात भिजवावेत; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघून जाते आणि मग तो रोगाला बळी पडतो. गळाचा उलटा काटा घरूनच चिमट्याने दाबून न्यावा, म्हणजे तो चटकन सुटतो. सोडताना माशाचे तोंड प्रवाहाकडे धरावे आणि तो आपण होऊन निसटेपर्यंत थांबावे.

इथवर माशाविषयी झाले. परंतु पत्रात “मुलांसह” असा शब्द आहे, त्यामुळे पाण्याविषयी अधिक लिहिणे प्राप्त आहे. मे महिन्यात तीर्थनला बर्फाचे पाणी असते. सकाळी उन्हे वर डोंगरात बर्फ वितळवू लागतात आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोहोचते. सकाळी ज्या खडकावर मूल कोरड्या पायांनी गेले, त्याच्याभोवती दुपारी गुडघाभर धार असू शकते. उतरल्याबरोबर पाण्याच्या अगदी कडेला एक दगड खूण म्हणून ठेवावा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याकडे पाहावे. दगड बुडू लागला, पाणी गढूळले, किंवा पाने व काटक्या वाहत येऊ लागल्या, तर गळाला मासा लागलेला असला तरी दोरा तोडून वर यावे. वर डोंगरात मेघगर्जना ऐकू आली तरी हाच नियम.

लारजी येथे तीर्थन बियासला मिळते. तेथे बियासवर विद्युत्-प्रकल्पाचे धरण आहे, आणि त्याच्या खाली बर्फाचे वेळापत्रक चालत नाही, दरवाजांचे चालते. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीत तेथे थांबले होते. नदी उथळ दिसत होती. ते खडकांवर जाऊन छायाचित्रे घेत होते. धरणाचे पाणी सोडण्यात आले आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. त्या दिवशी त्या ठिकाणी पाऊस नव्हता, पूर नव्हता. म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला, पाणी कितीही शांत असो, मुलांना पात्रात उतरू देऊ नये. मासे तेथे अधिक मिळतात असे कोणी सांगितले तरीही.

तीर्थनवर पहाटे जावे आणि अकराच्या सुमारास परतावे. तेवढ्या वेळात ट्राउट मिळाला तर मिळाला. सवडीने पुन्हा जाणे होणार असेल तर ऑक्टोबर पाहावा. बर्फाचा जोर ओसरलेला असतो आणि पाणी नितळ असते. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मात्र ट्राउटच्या पाण्यात बंदी असते, कारण त्या काळात मादी वाळूगोट्यांत खळगा करून अंडी घालते.

चिरंजीवांना एक जादा सूचना. चिमटा दोरीने कमरेला बांधावा. माझा पहिल्याच सकाळी तीर्थनने नेला.